दार उघडल्यानंतर

आमच्या मोहल्ल्यात आशा स्वयंसेविकेला अजूनही ‘पोलिओवाली’ म्हणतात. पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला, मार्च २०१४मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. नाव मात्र चिकटून राहिलं. त्यात थोडी जवळीक आहे आणि थोडा जुना संशयही. थेंब पाजले की पुढं मुलं होत नाहीत, ही अफवा ज्या गल्ल्यांतून फिरली, त्याच गल्ल्यांत या बायका दारोदार फिरल्या. तोंडावर दार आपटलं तरी पुढच्या फेरीला पुन्हा गेल्या.

पण पोलिओवालीचं काम दारातच संपायचं. मूल बाहेर आणलं, दोन थेंब पाजले, करंगळीला शाई लावली, दारावर खडूची खूण केली, की पुढचं घर. आताचं काम दार उघडल्यानंतर सुरू होतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जायचं असतं. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, श्वास, नाळ बघायची. अंगावर नीट पितंय का ते बघायचं. आईला रक्तस्राव किंवा ताप नाही ना, हे विचारायचं. या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. सहा भेटींत वाटले तर एका भेटीचे बेचाळीसही होत नाहीत. नंतर तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या वेगळ्या भेटी आहेतच.

या कामाचं मूळ आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळांची देखभाल गावातल्याच बायकांच्या हाती दिली. बाळांच्या मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आलं. डिसेंबर १९९९मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि २०११पासून हेच काम देशभरातल्या आशांकडे सोपवलं गेलं. म्हणजे पद्धत पारखलेली आहे, त्याबद्दल वाद नाही.

माझी मावसबहीण, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी हे काम करते. तिला मी एकदा विचारलं, की या कामात सगळ्यात अवघड काय? मला वाटलं होतं ती मोबदल्याबद्दल बोलेल, किंवा मोबाइलवर भराव्या लागणाऱ्या माहितीबद्दल. ती म्हणाली, “कुणी बघत नाही.”

याचा अर्थ मला जरा उशिरा कळला. शाळेतल्या मास्तरला शेजारच्या वर्गातला मास्तर असतो. वॉर्डातल्या नर्सला दुसरी नर्स दिसते. ती सलाइन कशी लावते, चिडलेल्या नातेवाइकाशी कशी बोलते, हे बघत बघत नवी मुलगी शिकते. घरी जाणारी बाई एकटी असते. आपण आत काय बोललो, कुठं बसलो, सासूकडे आधी बघितलं की सुनेकडे, हे कुणालाच दिसत नाही. चांगलं केलं तर कुणी सांगत नाही, चुकलं तर तीच चूक दहा वर्षं दहा घरांत होत राहते. प्रशिक्षणात श्वास मोजायला शिकवतात. आतल्या खोलीपर्यंत कसं जायचं, हे कुठल्याच पुस्तिकेत नाही.

ते त्या एकमेकींकडून शिकतात. तीन-चार वर्षांपूर्वी आपाच्या गावात आठ जणींनी महिन्यातून एकदा, सरकारी बैठक नसेल अशा दिवशी, दुपारी दोन तास एकत्र बसायला सुरुवात केली. त्यात पाच आशा, दोन अंगणवाडी सेविका आणि एक निवृत्त एएनएम, जिला सगळ्या सिस्टर म्हणतात. कधी एकीच्या ओसरीवर, कधी बंद पडलेल्या बालवाडीत. त्यांची परवानगी घेऊन मी तीनदा त्यांच्यात बसले. इथं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आहे आणि घरं ओळखू येणार नाहीत एवढे तपशील बदलले आहेत.

नियम साधा आहे. एकीने एका घराची गोष्ट सांगायची. वही बघून नाही, आठवेल तशी. घराचं नाव नाही, गल्लीचं नाव नाही, फक्त ‘एक घर’. तिचं सांगून होईपर्यंत कुणी सल्ला द्यायचा नाही. मग फक्त प्रश्न. तू कुठं बसलीस? चहा घेतलास का? आत आणखी कोण होतं? सल्ले सगळ्यात शेवटी, आणि मागितले तरच.

हा नियम सिस्टरने आणला. तिने तो कुठून उचलला ते तिला आठवत नाही. लंडनमध्ये १९५०च्या सुमारास मायकल बॅलिंट या मूळच्या हंगेरियन डॉक्टरने साध्या फॅमिली डॉक्टरांना असंच गोल बसवून, कागद न बघता रुग्णाबद्दल बोलायला लावलं होतं. आज जगभर ‘बॅलिंट गट’ चालतात. आपाच्या गटाने हे नाव ऐकलेलं नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा गोष्ट सातव्या दिवसाची होती. एक तरुण आशा, मराठा घरातली, नुकतीच कामाला लागलेली. तिच्याकडे अर्धी वस्ती मुसलमानांची. ती म्हणाली, “सातव्या दिवसाची भेट माझी कधीच नीट होत नाही. घर माणसांनी भरलेलं असतं. बाळ मागितलं तर म्हणतात, आज नको, पाहुणे आहेत. मला वाटतं माझ्यावर विश्वास नाही.”

आपा हसली. सातवा दिवस म्हणजे अकीका. ज्यांना जमतं ते त्याच दिवशी बाळाचं जावळ काढतात, बकरा कापतात, नातेवाइकांना जेवू घालतात. बाहेर मंडप आणि आत बिर्याणीचा भगुना चढलेला असताना वजनकाटा घेऊन आलेल्या बाईला कोण विचारणार? त्यात विश्वासाचा काही संबंध नव्हता. सरकारी वेळापत्रकातला सातवा दिवस आणि घरातला सातवा दिवस एकमेकांवर आदळत होते, एवढंच.

पण गट तिथं थांबला नाही, आणि हेच मला आवडलं. सिस्टरने विचारलं, “जावळ काढल्यावर बाळाच्या डोक्यावर काय घालतात?” बहुतेक घरी झिरझिरीत नवी टोपी, तीही दिवसभर माणसं बघायला येतात म्हणून काढून ठेवलेली. अडीच किलोच्या आतलं बाळ, थंडीचे दिवस, नुकतं भादरलेलं ओलं डोकं आणि हातोहात फिरणं. बाळ गार पडायला एवढं पुरतं. म्हणजे ज्या दिवशी भेट होत नाही, नेमका त्याच दिवशी बाळाला धोका जास्त. मग ठरलं की सकाळी लवकर जायचं, न्हावी यायच्या आधी. वजन घ्यायचं, आजीच्या हातात जाड कानटोपी ठेवायची आणि म्हणायचं, खाला, आज याचं डोकं तुमच्या ताब्यात. ज्याच्यावर सोपवलं तो सांभाळतो. पुढच्या महिन्यात त्या मुलीने सांगितलं, की एका घरी तिला पंगतीला बसवलं.

वजनाचंही असंच. “बच्चे कू नको तौलो, नजर लगती,” हे आमच्याकडे सर्रास ऐकू येतं. पण वडारवाडीतल्या सेविकेने सांगितलं, की तिच्याकडेही वजनावरून हेच होतं आणि तिथं एकही मुसलमान घर नाही. तिची युक्ती अशी, की आकडा मोठ्याने बोलायचा नाही. झोळीत बाळ ठेवायचं, गुपचूप बघायचं, वहीत लिहायचं आणि आईला नंतर कानात सांगायचं. आपा आता तेच करते, वर ‘माशाअल्लाह’ म्हणते. वडारवाडीतली बाई काजळाची तीट लावून घेते.

तहनीकवर मात्र गट अजून एकमताचा नाही. चावून मऊ केलेल्या खजुराचं बोट नवजात बाळाच्या टाळ्याला लावायचं, ही आपली जुनी रीत. पुस्तिका सांगते, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही. आपाचं म्हणणं, त्या एका बोटावर भांडाल तर घर हातचं जाईल. खरी भीती आहे ती नंतर दिवसेंदिवस चालणाऱ्या मधाची आणि घुट्टीची. मधातून होणारी विषबाधा वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे मध बंद, घुट्टी बंद, आणि त्यासाठी कुरआनात आईने पूर्ण दोन वर्षं अंगावर पाजण्याबद्दल जे आलं आहे त्याची आठवण द्यायची. सिस्टरचं म्हणणं, चावलेला घास म्हणजे तोंडातले जंतू, तो चालणार नाही. दोघींचा हा वाद मी दोन बैठकांत ऐकला. कुणीच माघार घेतली नाही आणि तरी दोघी एकाच डब्यातून जेवल्या.

इथं एक अडचण सांगितली पाहिजे. सुरुवातीला गटात आपा म्हणजे ‘मुस्लिम विषय’ झाली होती. कुठलंही घर अडलं की सगळ्या तिच्याकडे बघायच्या : “आपा, तुमच्यात असं का गं?” ती उत्तरं देत राहिली. मग एक दिवस म्हणाली, “मी तुमच्यासोबत शिकायला येते. तुम्ही मला नकाशासारखी वापरता.” बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यानंतर त्यांनी ‘तुमच्यात’ हा शब्द टाळायचं ठरवलं. विचारायचं ते त्या घराबद्दल. गंमत अशी, की शब्द गेल्यावर प्रश्न बदलले. ‘मुसलमान बायका दवाखान्यात का येत नाहीत’ याऐवजी ‘या घरातून सुनेला बाहेर पडायला कुणाला विचारावं लागतं’ असा प्रश्न आला, आणि त्याची उत्तरं सगळ्याच वस्त्यांतून मिळायला लागली.

२०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि चॅनेलवरून हाच जुना सूर लागला होता, की हे लोक लस घेत नाहीत. लस चुकलेली मुलं होती, हे खरंच आहे आणि आपण ते झाकू नये. पण ‘घेत नाहीत’ या दोन शब्दांत काय काय दडपलं जातं, ते मला या बायकांनी शिकवलं. त्यांनी एक अख्खी दुपार फक्त दारातून येणाऱ्या ‘नाही’वर घालवली होती. एक ‘नाही’ म्हणजे मागच्या लशीनंतर ताप आला, रात्रभर बाळ रडलं आणि सासरा ओरडला. एक ‘नाही’ म्हणजे बाप कामाला पुण्याला आहे, त्याला विचारल्याशिवाय नको. एक म्हणजे कोविडच्या काळात तारीख चुकली, कार्ड हरवलं, आता सिस्टर रागावतील म्हणून. एक म्हणजे दुपारी झोपेच्या वेळी आलात. आणि एक ‘नाही’ खरोखरच व्हॉट्सअॅपवरच्या अफवेतून आलेला असतो. या पाचांना एकच उत्तर देणारी बाई पाचही घरं गमावते. तापाला भिणाऱ्या घरी लस दिल्याच्या रात्री फोन करायचा असतो. कार्ड हरवलेल्या घरी नवं कार्ड आधी द्यायचं असतं, बोलायचं नंतर.

रमजानातलं सांगायचं तर, असरनंतर कुणाच्याही घरी जायचं नाही, इफ्तारची घाई असते. लोहाच्या गोळ्या सहरीच्या किंवा इफ्तारच्या जेवणाला जोडून द्यायच्या. आणि पाजणाऱ्या आईला रोजा नंतर भरून काढायची सवलत आहे, हे सासूला सांगायचं काम शक्यतो दुसऱ्या एखाद्या सासूकडे द्यायचं.

सरकारी मासिक बैठकीत हे का बोललं जात नाही? कारण तिथं प्रश्न वेगळा असतो. किती भेटी ठरल्या होत्या, किती झाल्या. ‘झाली नाही’ म्हटलं की सगळ्यांसमोर विचारणा होते. मग ‘झाली’ लिहिलं जातं. एका बैठकीत एकीने सांगितलेलं मी विसरत नाही. एक घर, बाळ एक किलो आठशेचं. तिसऱ्या दिवशी ती गेली तर दारातूनच सांगितलं, बाळंतीण माहेरी गेली. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. ती परत आली, आणि कागदावर भेट झाली. अकराव्या दिवशी बाळ जिल्ह्याला न्यावं लागलं. ते वाचलं. पण मधले आठ दिवस ही बाई झोपली नव्हती, आणि त्या आठ दिवसांत तिला हे सांगायला एकही जागा नव्हती. गटात सांगितल्यावर कुणी “तू असं का केलंस” म्हटलं नाही. सिस्टरने एवढंच विचारलं, “रडण्याचा आवाज कसा होता? जोरात की कण्हल्यासारखा?” आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की आवाज ऐकू आला आणि दार उघडलं नाही, तर त्याच दिवशी गटातली दुसरी बाई जाईल. कधी कधी दार बाईला बंद नसतं, त्या एका बाईला बंद असतं.

जामखेडला हे फार आधी कळलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथं काम सुरू केलं तेव्हा निवडलेल्या गावकरी आरोग्य सेविका, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती आणि ज्या वेगवेगळ्या जातींतून आलेल्या होत्या, दर आठवड्याला केंद्रावर जमत. मुक्काम करत. आठवडाभर काय घडलं ते एकमेकींना सांगत, आणि डॉक्टरही त्यात बसून ऐकत. अलीकडे पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांसाठी २१ पाठ आखले गेले. दर महिन्याला एकत्र बसून एक पाठ, मग गृहभेटीत त्याचा वापर, असा तो विचार होता. विचार चांगलाच आहे. पण पाठ वरून ठरून येतो, आणि घराघरातला महिना त्या पाठाच्या क्रमाने चालत नाही.

या गटांचं फार कौतुक करून मी थांबणार नाही, कारण धोकेही आहेत. छोट्या गावात ‘एक घर’ म्हटलं तरी तिघींना ते कळतं. त्यातून गोष्ट बाहेर फुटली तर त्या घराचं दार कायमचं बंद, आणि मोहल्ल्यात अशी बातमी जुम्याच्या आत चारही गल्ल्यांत पोचते. एकदा असं झालंही. ज्या बाईकडून गोष्ट बाहेर गेली तिला गटाने काढलं नाही, पण तीन महिने तिने फक्त ऐकायचं, असं ठरलं. तिने ते पाळलं. दुसरा धोका शासनाच्या प्रेमाचा. कुठून तरी वर कळलं आणि एका साहेबांनी फोन केला : छान उपक्रम आहे, बॅनर लावून फोटो पाठवा, उपस्थितीची सही घ्या. बायकांनी एक फोटो पाठवला. सही मात्र दिली नाही. सही आली की पुन्हा ‘भेट झाली’ सुरू होईल, हे त्यांना नीट कळत होतं. या दोन तासांचा मोबदला मिळाला पाहिजे, असं मला वाटतं. पण त्याच्या बदल्यात आतलं बोलणं मागितलं जाऊ नये. हे दोन्ही एकत्र कसं साधायचं, ते शासनाने जामखेडहून शिकावं.

शेवटच्या वेळी मी गेले त्या दुपारी एक सेविका बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितलं. एक घर. सहा महिन्यांचं मूल. सून वजनासाठी मुलाला घेऊन आली तेव्हा दंडावर पाच बोटांचे वळ होते. सासू शेजारीच बसलेली. सून म्हणाली, दार लागलं.

नेहमीप्रमाणे प्रश्न सुरू झाले. ओढणी कुठं होती? तिने तुझ्याकडे बघितलं का? मूल कुणाकडे हसलं? कुणीतरी १८१ क्रमांकाचं नाव काढलं. दुसरी म्हणाली, त्या घरात फोन फक्त नवऱ्याकडे असतो. आपा म्हणाली, मस्जिदीतल्या जबाबदार माणसाला सांगावं. तिसरी म्हणाली, तो नवऱ्याचा मामाच आहे. सिस्टर काहीच बोलली नाही.

साडेचार वाजले, शाळा सुटायची वेळ झाली तसं एकेकीला उठावं लागलं. जाता जाता एवढंच ठरलं, की मंगळवारी वजनाच्या निमित्ताने दोघी जातील. एक सासूशी लसीच्या कार्डाबद्दल बोलत बाहेर बसेल. दुसरी मूल तोलायला आत जाईल आणि आतून दार लोटून घेईल.